पान अठरावरचा अंगठा

वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या कुटुंबातली मुलगी शाळेत जात नाही, हे तिच्या आईने घर बघायला आली तेव्हाच सांगून टाकलं होतं. भाडं, पाण्याची वेळ, गच्चीची किल्ली हे सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, एक सांगायचं राहिलं. आम्ही मुलीला घरीच शिकवतो. दिवसभर ती घरीच दिसेल तुम्हाला. लोक विचारतात, म्हणून आधीच सांगून राहिली."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. घंटा, हजेरी, गणवेश यांच्याशिवाय शिक्षण होतं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. पण वरचा मजला रिकामा होता, माणसं नीटनेटकी होती, आणि जयपूरच्या तिलक नगरमध्ये मराठी भाडेकरू काही रोज येत नाहीत. मी किल्ली दिली.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्या मुलीला व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे. माझ्या मागून सायकल घेऊन जाते ती. तिचे बाबा झालानाच्या बाजूला एका कंपनीत संगणकाचं काम करतात. आई अमरावतीची. तिच्याच एका पुस्तकाची ही हकीकत आहे. त्या पुस्तकाशी तुमचाही थोडा संबंध आला, पण तो तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मुलांना घरी शिकवणारी मराठी कुटुंबं जयपुरात आणखीही आहेत, हे मला वर्षभरात कळलं. काही कंपन्यांत काम करणारी, काही लष्करातली, एक शहराबाहेर चौमूं गावात राहणारं. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता. जयपूरहून बदली होऊन गेलेले लोकही त्यात राहिले होते, आणि त्यांच्या ओळखीने इतर शहरांतले आले होते. ग्रुपमध्ये कुणाला नाव नव्हतं. प्रत्येक बाई अमक्याची आई, प्रत्येक पुरुष तमक्याचे बाबा. मलाही नंतर त्यात घेतलं, आणि मी वाचनवाल्या आजी झाले, कारण शनिवारी सकाळी सगळे आमच्या व्हरांड्यात जमायचे आणि मी मुलांना काहीतरी वाचून दाखवायची.

या लोकांना पुस्तकांचं वेड होतं. शाळा नाही म्हणजे पुस्तकं नाहीत, असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्या घरांत माझ्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयापेक्षा जास्त पुस्तकं हाताळली जात होती. अडचण एवढीच होती की मराठी पुस्तकं जयपुरात सहज मिळत नाहीत. म्हणून जे कुठे सापडेल ते सगळे एकमेकांना पाठवायचे. जुन्या मासिकांची पानं, गोष्टींचे ऑडिओ, पक्ष्यांच्या आवाजाची एखादी साइट, भूमितीचे व्हिडिओ. हे सगळं एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेलं असे. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा बराच वेळ बघत बसले. आधी वयाप्रमाणे भाग, मग भाषेप्रमाणे, मग विषयाप्रमाणे. एकही फाइल भलत्या जागी नव्हती. मला शिस्त आवडते, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंच असेल.

तो फोल्डर लावणारी बाई कोल्हापूरची. नवरा लष्करात, मुलगे दोन. प्रत्येक बदलीत शाळा बदलायची. "मोठ्यानं एकच धडा सगळ्या शाळांत शिकला ओ काकू," ती सांगायची, "आणि भागाकार कुठंच नाही. मग मीच घरी बसवून शिकवलो." तिकडच्या पुष्कळ बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायची. आवाज मोठा, काम चोख. तिच्याशिवाय तो ग्रुप महिनाभर टिकला नसता.

ग्रुपचा नियमही तिनेच केला होता. इथे वाटायचं, विकायचं नाही. सुरुवातीला कुणीतरी अभ्यासक्रम विकायला आलं होतं, कुणी अबॅकसचे वर्ग, आणि एका बाईने तर कैरीच्या लोणच्याच्या बरण्यांचे फोटो टाकले होते. तेव्हापासून विक्री बंद. जो विकेल तो बाहेर. हा नियम सगळ्यांना आवडला होता. मलाही.

वरच्या मजल्यावरची ती अमरावतीची बाई याच सुमाराला पुस्तक लिहीत होती. तिची मुलगी देवनागरी वाचायला शिकली ती हिंदीतून. मराठी पुस्तक हातात घेतलं की दोन ओळींनी अडखळायची, चिडायची, "मतलब काय याचा?" म्हणून बाजूला ठेवायची. तुम्हीही तसंच करता. तेव्हा आईने ठरवलं की हिंदीच्या पायरीवरून मराठीत चढता येईल असं काहीतरी आपणच लिहायचं. झालानाच्या जंगलात राहणाऱ्या बिबट्याच्या मादीची गोष्ट. वाक्यं छोटी, अक्षरं मोठी, आणि अवघड शब्द आला की तो दोन-तीन पानांत पुन्हा पुन्हा असा येतो, की मूल त्याचा अर्थ कुणाला न विचारता ओळखतं. मी शिक्षिका आहे. हे किती कठीण काम आहे ते मला कळतं. प्रुफं मीच तपासली.

पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशकाने ते छापलं. लेखिकेचं नाव म्हणून तिने माहेरचं नाव दिलं. "बाबा असते तर त्यांनी गल्लीभर दाखवलं असतं," ती म्हणाली. "आता नाहीत, तर निदान त्यांचं नाव तरी असू द्या." फोटो दिला नाही.

"ग्रुपवर सांगणार ना?" मी विचारलं.

"नाही बाप्पा! नियम आहे ना. म्हणतील, लोणचं गेलं अन् पुस्तक आलं. काकू, तुम्हीही सांगू नका. वचन द्या."

मी वचन दिलं. पुस्तक दोन भागांचं होतं. पहिल्या भागाच्या शेवटी ती मादी जंगलाच्या कडेच्या भिंतीवर उभी राहून शहराचे दिवे बघते, आणि तिथेच गोष्ट थांबते. दुसरा भाग लिहून तयार होता. प्रकाशकाने स्वच्छ सांगितलं होतं की पहिल्याचे गठ्ठे हलले की दुसरा छापू. दिवाळीपर्यंत वाट बघू, नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा. तिला तो दुसरा भाग छापून हवा होता. दुसरं तिचं काही मागणं नव्हतं.

मग कोल्हापूरची बाई सुट्टीवरून परत आली. शनिवारी गाडीतून उतरल्या उतरल्या तिने हात वर केला. हातात तेच पुस्तक.

"काकू! हे बघा काय घावलंय मला! दुकानात एकच प्रत होती. अहो, आपलं झालाना आहे यात!"

लेखिका माझ्या शेजारी बसून पेरू कापत होती.

"चांगलं आहे का?" तिने विचारलं. मान वर न करता.

"चांगलं? आमचा धाकटा, मराठी पुस्तक दाखवलं की पोटात दुखतं त्याच्या. त्यानं गाडीत पुन्हा पुन्हा वाचलं. मी म्हटलो, अरे बाहेर बघ, चंबळ आली. बघितलं नाही बघा."

पेरूच्या फोडी आणखी बारीक होत चालल्या होत्या.

"लेखिका कोण आहे देव जाणे," कोल्हापूरची बाई पान उलटत म्हणाली. "फोटोसुद्धा नाही. असल्या बायका लपून का बसतात ओ? मला भेटली ना, हातच धरतो की नाही बघा तिचा!"

"लाजत असेल," लेखिका म्हणाली.

"लाजायचं काय त्यात? बरं, प्रत एकच आहे. एवढ्या पोरांना कशी पुरणार? उद्या स्कॅन करून फोल्डरात टाकतो."

मी लेखिकेकडे पाहिलं. तिने मान अगदी थोडी हलवली. सांगू नका. मी चष्मा पुसला आणि मुलांना वाचायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक फोल्डरमध्ये आलं. स्कॅन इतका स्वच्छ होता की मूळ छपाईपेक्षा रंग जास्त खुलले होते. तिने जेवणाच्या टेबलावर खिडकीपाशी प्रत्येक पान काचेखाली दाबून फोटो घेतले होते, कडा सरळ कापल्या होत्या. फक्त अठराव्या पानावर काच सरकली असावी. तिथे खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता, डाळिंबी रंगाचं नखपॉलिश लावलेला. नखाखाली जुना भाजल्याचा डाग होता, तोही दिसत होता.

पुढचे काही आठवडे ग्रुपवर दुसरं काही नव्हतं. मुलं पानं वाचून आवाज पाठवायची. कुणी चुकत, कुणी घाईत, कुणी नाटकी. चौमूंच्या घरातून मातीची बिबटी आली, ठिपके चमच्याच्या टोकाने उठवलेले. एका वडिलांनी झालानाचा नकाशा काढून तिची वाट आखली. कोल्हापूरच्या बाईने शब्दांचे खेळ तयार केले. कुणी ते इंदूरच्या ग्रुपला पाठवलं, कुणी बडोद्याच्या. वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून मला ती रेकॉर्डिंग ऐकू येत. एखादं मूल एखाद्या ओळीपाशी अडखळलं की ती ते परत लावायची. ती आनंदात होती, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण नंतर जे झालं त्यावरून तुमचा समज वेगळा होईल.

प्रकाशकाचा फोन येई तेव्हा मात्र ती खाली येऊन माझ्याशेजारी बसायची. पुस्तकं जात नव्हती. ज्यांनी विकत घेतलं असतं त्यांच्याकडे ते होतंच. आणि ज्यांच्याकडे होतं ते सगळे तिच्या ओळखीचे, चांगले, पुस्तकांवर जीव टाकणारे लोक होते. अशा लोकांनीच हे केलं याचं मला नवल वाटलं नाही. ज्यांना पुस्तकाचं काही पडलेलं नाही, ते कशाला एकेक पान काचेखाली दाबतील?

"सांगून टाक," मी म्हटलं.

"काय सांगू? तुम्ही सगळ्यांनी वाचलंत, आता पैसे काढा? काकू, माझ्याच्याने नाही होणार."

त्यानंतर तुमचा कॉल आला. तुम्हाला आठवत असेल. तुझ्या हातात टॅबलेट होता आणि तू म्हणालीस, आजी, तुझ्या जयपूरची बुक आहे, आमच्या मराठी क्लासच्या आंटीने दिली. तू पान कॅमेऱ्यासमोर धरलंस. अठरावं पान. अंगठा होता. मी हसले, तेव्हा तुम्ही दोघांनीही विचारलंत की आजी का हसतेस, आणि मी विषय बदलला. माझ्या व्हरांड्यात दर शनिवारी चहाचा कप धरणारा तो अंगठा वेलिंग्टनला जाऊन पोहोचला होता.

कॉल संपल्यावर मी गच्चीवर गेले. ती वाळलेले कपडे काढत होती. मी सांगितलं.

"न्यूझीलंड?" ती म्हणाली. "मतलब, खरंच न्यूझीलंड?"

"खरंच."

हातातल्या चादरीची तिने नीट घडी केली, मग परत उलगडली, मग परत घडी केली. "इतक्या दूर गेलं," ती म्हणाली. "अन् पुण्यातून हललं नाही." आणि कपड्यांची बादली उचलून खाली गेली.

पुढच्या शनिवारी मुलं मागच्या बाजूला खेळत होती. व्हरांड्यात आम्ही तिघीच. कोल्हापूरची बाई आली तीच तापलेली.

"काकू, मी त्या प्रकाशकाला फोन लावलो. दुसरा भाग कधी म्हणून. पोरं डोकं खातात ना माझं! तर तो म्हणतो, निघणार नाही. पहिलाच विकला जात नाही म्हणे. एवढं सोन्यासारखं पुस्तक! मराठी माणूस एक पुस्तक विकत घेत नाही ओ. नाटकाला जातील, हॉटेलात जातील, पण पुस्तक? फुकट पाहिजे सगळ्यांना!"

लेखिका चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं.

"घेतलं असतं लोकांनी," ती म्हणाली. "पण पीडीएफ होतं ना."

"कुणी टाकलं पीडीएफ? असले लोक..." बोलता बोलता ती थांबली. "माझं म्हणताय होय?"

"तुमचंच."

"अहो, पण मी टाकलो ते आपल्या पोरांसाठी! दहा-वीस घरं. त्यानं काय फरक पडतोय? तुम्हाला काय माहीत त्या बाईचं किती..."

"मला माहीत आहे. पुस्तक माझं आहे."

कोल्हापूरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. वचन आता मोडत नव्हतं.

मग तिचा आवाज आला, तो नेहमीपेक्षा खाली.

"माझ्यासमोर बसून पेरू खाल्लात. दर शनिवारी. आणि मी आपला तुम्हालाच सांगतोय, बघा काय पुस्तक आहे, बघा काय पुस्तक आहे. मनात हसत असाल."

"हसत नव्हती हो. मला बरं वाटून राहिलं होतं."

"मग बोलायचं की!"

"नियम तुमचाच ना. इथे विकायचं नाही."

"अहो, तो नियम लोणच्यासाठी होता!"

हे ती इतकी ओरडून म्हणाली की मागच्या बाजूचा खेळ थांबला. मला हसू आलं आणि ते मी आवरलं. त्या दोघींना आलं नाही. कोल्हापूरच्या बाईने चहा घेतला नाही. मुलांना हाक मारली, त्यांना गाडीत बसवलं आणि निघून गेली.

त्याच दुपारी फोल्डरमधून फाइल गेली आणि ग्रुपवर तिचा निरोप आला. छोटा आणि सरळ. हे पुस्तक आपल्यातल्याच एका आईने लिहिलं आहे. मी न विचारता टाकलं, चूक माझी. ज्यांनी वाचलं त्यांनी विकत घ्यावं. खाली प्रकाशकाचा पत्ता. लेखिका कोण, हेही त्यात होतं.

उत्तरांची रांग लागली. जोडलेले हात, फुलं, अभिनंदन. नकाशा काढणाऱ्या वडिलांनी लांबलचक लिहिलं की ज्ञान मोफतच असायला हवं, ते अडवणं हीच चूक. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. काहींनी पुस्तक मागवलं. काहींनी मागवतो म्हटलं. आणि त्यानंतर मुलांचे आवाज येणं बंद झालं.

याचा अंदाज आमच्यापैकी कुणालाच नव्हता. लोकांना लाज वाटली. पुस्तक विकत न घेता मुलाचं वाचन लेखिकेला कसं पाठवायचं? आणि घेतलं असेल तर लगेच पाठवणं म्हणजे पावती दाखवल्यासारखं. त्यामुळे घेणारे आणि न घेणारे, दोघेही गप्प बसले. शनिवारी माणसं कमी येऊ लागली. कोल्हापूरची बाई तर आलीच नाही. तिच्या नवऱ्याची ईशान्येकडे बदली झाली होती, काळ्या ट्रंका भरणं चालू होतं असं कळलं. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी तिचे मुलगे येऊन माझ्याकडून नेलेली पुस्तकं देऊन गेले. त्यांची आई बाहेर गाडीत बसून होती. वरच्या खिडकीत लेखिका उभी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं असणार. कुणी हात केला नाही.

"काकू, खरं सांगू?" त्यानंतर एकदा लेखिका म्हणाली. "फुकट होतं म्हणून तर इतक्यांनी वाचलं. दुकानात पडलं असतं तर चौमूंच्या त्या पोराने बिबटी केली असती का? आता पुस्तक बी गेलं अन् पोरं बी गेली."

घरात ती असं बोलते. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं नाही. वस्तूची किंमत द्यावी, असं मला शिकवलेलं आहे. पण तिच्यासमोर ते बोलायची ती वेळ नव्हती.

दिवाळी जवळ आली. वरच्या मजल्यावर फोनला रेंज कमी, म्हणून प्रकाशकाशी बोलायला ती माझ्या व्हरांड्यात आली. मी आत वर्तमानपत्र वाचत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो साहेब. माहीत आहे मला... गठ्ठे तुमच्या गोदामात कोण वाचून राहिलं? उंदीर?... नाही, ऐका ना. पहिला भाग मोफतच ठेवू. तुम्ही हो म्हणा, मी परत टाकते... अहो, नुकसान तर झालंच आहे! ज्यांनी वाचला त्यांना पुढचं पाहिजे. दुसऱ्याची मागणी आधी घेऊ. तुम्ही म्हणाल तितकी झाली तर छापा, नाही झाली तर मी पुन्हा फोन करणार नाही... रंगीत नको? बरं, आतली चित्रं काळी-पांढरी. कव्हर मात्र रंगीत. नाही, कव्हर रंगीतच."

ती आत आली आणि पंख्याखाली बसली. दिवस थंडीचे होते. मी पंखा बंद केला.

प्रकाशक तयार झाला तो मनापासून नव्हे, असं ती म्हणाली. पण त्याने तसं लिहून पाठवलं. मग ग्रुपवर तिने पहिल्यांदा स्वतः काही लिहिलं. लिहिण्यापूर्वी मला दाखवलं, आणि मी त्यातली तीन विशेषणं काढली. पहिला भाग पुन्हा फोल्डरमध्ये आहे. कुणीही वाचा, कुणालाही द्या. मुलांचे आवाज पाठवा, मी वाट बघते आहे. दुसरा भाग छापायचा तर आधी मागणी हवी. हवा असेल त्यांनी मला कळवावं. स्कॅन तिने तोच ठेवला. नवा करायला तिच्याकडे वेळही होता आणि छापील प्रतीही होत्या, पण तिने केला नाही.

पहिला आवाज चौमूंहून आला. मग एकेक करत बाकीचे. मागणी मात्र सावकाश येत होती. जयपूरची सगळी घरं मिळूनही प्रकाशकाने सांगितलेल्या आकड्यापासून आम्ही बरेच दूर होतो. तुमच्या मराठी क्लासच्या आंटींना मी स्वतः लिहिलं. त्यांनी वर्गासाठी मागवल्या, हे तुम्हाला तेव्हा कळलं असेल किंवा नसेल. तरीही पुरेना. ती रोज संध्याकाळी खाली यायची, मी विचारायची नाही, आणि ती सांगायची नाही.

मग एकदम नावं येऊ लागली. आसामहून, पठाणकोटहून, देवळालीहून, बेळगावहून. सगळी लष्करी वसाहतीतली मराठी घरं. प्रत्येक निरोपात पत्ता अगदी बरोबर, पिनकोडसकट, मुलांची वयं, प्रती किती. त्यांच्यात काही मुलं शाळेत जाणारीही होती. इतकी व्यवस्थित मागणी कुणाच्या हातची आहे हे ओळखायला मला वेळ लागला नाही. लेखिकेनेही ओळखलं होतं, पण ती तसं बोलली नाही.

आकडा ओलांडला त्या दिवशी प्रकाशकाचा होकार आला, आणि दुपारी माझ्या फोनवर कोल्हापूरच्या बाईचा आवाज. माझ्या फोनवर, लेखिकेच्या नव्हे. मी लेखिकेला खाली बोलावलं आणि लावला.

"काकू, नमस्कार. इकडं धुकं लय आहे, कपडे वाळत नाहीत. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना निरोप द्या. म्हणावं, धाकटा विचारतोय, तिसरा भाग आहे का. असला तर आधी मला सांगायचं. पेरू खात बसायचं नाही. आणि ग्रुपच्या नियमात मी बदल केलोय, बघून घ्या. स्वतः लिहिलेलं असेल तर सांगायला हरकत नाही. लोणचं अजूनही बंद. ठेवतो."

लेखिकेने तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. "तिसरा भाग आहे का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कुठून असेल? दुसऱ्यातच संपवली मी गोष्ट."

"मग तिला तसं कळव."

"कळवते," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

बराच वेळ वर काही हालचाल ऐकू आली नाही. मुलगी अंगणात एकटीच सायकल चालवत होती. मी तिला आत बोलावून पोळी-भाजी वाढली, कारण तिच्या जेवणाची वेळ टळून गेली होती आणि वरून कुणी हाक मारत नव्हतं. "आई काय करते आहे?" मी विचारलं.

"लिहून राहिली," ती तोंडात घास ठेवून म्हणाली. "मला म्हणाली, आता डिस्टर्ब नको करू, मतलब खूप वेळ."

वरच्या कुकरची शिट्टी मला चहाच्या वेळेला ऐकू आली.